लाल शाईतला शेरा

आमच्या वाचनालयातून मी एक ऐतिहासिक प्रेमकादंबरी घरी आणली. तिच्यात एका सरदाराची मुलगी मोहिमेवर निघालेल्या तरुणाला स्वतःच सांगते, "तुम्ही मला आवडता. परत या." त्या ओळीशेजारी कुणीतरी लाल शाईने लिहिलं होतं, 'कुलीन स्त्री असं बोलत नाही.' खाली आणखी तिघांचे शेरे होते. 'बरोबर', 'सहमत', 'इतिहासाचा अपमान'.

माझं डोकंच फिरलं. याच कादंबरीत नायक एकटा शंभर जणांना लोळवतो, तिथे मात्र समास कोरा! तिथे कुणाला इतिहास आठवला नाही. एका मुलीने मनातलं सांगितलं आणि लगेच सगळे जागे झाले. त्या काळातल्या बायका काय बोलत होत्या, हे या चौघांना कुणी येऊन सांगितलं होतं?

पुस्तक परत करताना मी ते पान ग्रंथपाल कुसुमताईंसमोर उघडून धरलं. "बघा ना ताई, काय लिहून ठेवलंय!"

साठी उलटलेल्या कुसुमताईंनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं. पुस्तक खराब केलं म्हणून त्या चिडतील, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "पेन आहे का गं?"

"तुम्ही पुस्तकात लिहिणार?"

"एकदाच."

त्यांनी शेवटच्या शेऱ्याखाली लिहिलं, 'मी बोलले होते. नंतर पस्तीस वर्षं संसार केला.' आणि त्या चौघांपैकी एकालाही जमलं नव्हतं ते केलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.