विश्वासरावांचा ड्रॅगन

पिंजौरहून परतताना बसमध्ये फोन आला. विश्वासरावांची इकडे उत्तरेतच वाढलेली लेक नेहमीसारखी हिंदीतच बोलली, "काका, पापा नहीं रहे…" आणि मला काय आठवावं? सेक्टर ३४ मधला तो हॉल आणि स्पर्धेतला तो शेवटचा डाव!

विश्वासराव मूळचे सांगलीचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. बुद्धिबळात काळी मोहरी मिळाली की गडी खूश. सिसिलियन बचावातला 'ड्रॅगन' हा त्यांचा लाडका प्रकार. नावालाच बचाव हो! दोघेही एकमेकांच्या राजावर तुटून पडतात, आधी पोचेल तो जिंकतो. हृदयाच्या दुखण्यानंतर मालतीवहिनींनी अट घातली होती : शेवटचा डाव हरलात तर स्पर्धा कायमच्या बंद. बरोबरी चालेल. "पक्कं," म्हणाले होते विश्वासराव.

समोर होता गुरप्रीत, क्लासमध्ये गणित शिकवणारा तरणाबांड गडी. त्याची प्यादी विश्वासरावांच्या राजावर चालून आली आणि इकडे मला घाम फुटला. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "ड्रॉ, अंकलजी?" वहिनींनी माझा दंड आवळला. "घेतील ना ओ?"

विश्वासराव उठले आणि गुरप्रीतच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. पट समोरच्याच्या बाजूने पाहायचा, ही त्यांची जुनी खोड. परत येऊन बसले आणि… घोड्यासाठी चक्क हत्ती दिला! मग कोपऱ्यातला उंट असा सुसाट सुटला, की पांढऱ्या राजाला पळायला घर उरेना. गुरप्रीतने हार मानून हात पुढे केला. मी भान विसरून टाळी वाजवली, पंचांनी डोळे वटारले. वटारू देत!

बाहेर वहिनी फणकारल्या, "हरला असता म्हंजे?"

"तिकडनं बघून आलो की. लई भीती वाटत होती तिकडनं!"

परवा त्यांच्या घरी गेलो. पट मांडलेलाच होता. रिकामी खुर्ची बघवेना, म्हणून उगाच पांढरं प्यादं पुढे केलं. वहिनी समोर येऊन बसल्या आणि त्यांनी ड्रॅगन मांडला.

"तुम्ही कधी शिकलात?"

"जन्मभर नुसता चहाच देत होते होय?"

थोड्याच वेळात माझी पळता भुई थोडी झाली. "वहिनी, बरोबरी करूया?"

त्या उठल्या आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या… बराच वेळ. मग डोळे पुसत जागेवर बसल्या.

"नको," म्हणाल्या, "घाबरलाय तुम्ही." आणि त्यांनी हत्ती उचलला.