थोरल्या जाऊबाईंचे अक्रोड

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं एकेचाळीस वर्षांत कधी पटलं नाही, आणि हे लिहिताना मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. त्या खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या. जिना एक आहे, तेवढंच काय ते सामाईक. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, आता नाहीत. त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी उरलेलं नाही.

जाऊबाईंनी तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात काढली, त्यातली अकरा मुकादम म्हणून. चादरींची गाडी शेजारून गेली तरी नुसत्या वासावरून म्हणायच्या, "साबण राहिलाय, परत टाका." आणि साबण राहिलेलाच असायचा. हाताखालच्या बायका तोंडावर त्यांना 'साहेबीण' म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्याजोगं नाही.

घरीही तोच खाक्या. ओव्हनचं घड्याळ कधीच बंद पडलं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं नाही. ब्रेड झाला की नाही हे त्या वासावरून ठरवत. वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की केळी-अक्रोडाचे चौदा ब्रेड भाजायचे, दुसऱ्या दिवशी बटर पेपरात गुंडाळायचे आणि नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, डॉक्टरांना वाटायचे, हा त्यांचा नेम. केळी साल पूर्ण काळी पडेपर्यंत ठेवत, दोन चमचे दही घालत, आणि ब्रेड असा ओलसर होई की सुरीला चिकटायचा. चांगला व्हायचा. खोटं कशाला बोलू?

यंदा मात्र त्यांच्या लेकीने घोळ घातला. लग्नाला चार महिने झालेले, सासूची स्वतःची बेकरी, आणि ही मुलगी भर जेवणात सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या आईच्या ब्रेडपुढे दुकानातला काहीच नाही."

सासूबाई म्हणाल्या, "असं? मग शनिवारी चार वाजता येतेच मी चाखायला."

मुलगी फोनवर रडत होती. तेव्हापासून सासूबाई तिला 'परीक्षक' म्हणून हाक मारत. दुकानातला पाव समोर ठेवून सगळ्यांदेखत विचारत, "बघा हो परीक्षक, जमलाय का?" आता आईचा ब्रेड बिघडला असता, तर त्या घरात पोरीला जन्मभर मान वर करता आली नसती.

गुरुवारी सकाळी पावणेअकराला मी चाळणी परत द्यायला खाली गेले. आठ ब्रेड टेबलावर निवत होते. जाऊबाई उरलेल्यांसाठी अक्रोड भाजत होत्या, त्यांची सून हाताशी होती. दारातच मला जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला.

"जाऊबाई, अक्रोड खवट झालेत."

"आली! चाळणी द्यायला महिना लागतो, खोडी काढायला मिनिट नाही."

"तुम्ही फोडून डब्यात भरले कधी? आणि डबा शेगडीवरच्या फळीवर, उन्हाळाभर."

"दरवर्षी तिथेच असतो." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "काय गं, खवट आहेत?"

सून बिचारी सासूला बिचकून असते. "नाही आई, छानच आहेत की."

"ऐकलंस? धाकटे, माझ्या मुलीचं बरं व्हावं हे तुला बघवत नाही, एवढंच आहे ते. तुझ्या त्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांच्या शाळेत हेच शिकवायचे वाटतं."

"शाळेत खरं बोलायला शिकवलं. तुमच्या घरात ते कामी आलं नाही."

जाऊबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी सुनेला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं आणि ताजे अक्रोड मागवले. दोन वाट्या भरल्या, एकीत जुने, एकीत नवे. भांडी पुसायच्या टॉवेलने माझे डोळे इतके करकचून बांधले की कान दुखले.

"आता सांग."

मी सांगितलं. त्यांनी वाट्या बदलल्या. पुन्हा सांगितलं. पाच वेळा बदलल्या, पाचही वेळा मी जुने ओळखले. मग मी टॉवेल काढला.

जाऊबाई स्वतः एक वाटी नाकाशी धरून उभ्या होत्या. मग दुसरी. पुन्हा पहिली. मग त्यांनी व्हिनेगरची बाटली उघडली, नाकाला लावून खोल श्वास घेतला, आणि झाकण हळूहळू फिरवून बंद केलं. पापणीसुद्धा लवली नाही.

वसंतात त्यांना तीन आठवडे ताप होता. वास येणं तेव्हाच गेलं असणार. इतके महिने कळलं नव्हतं, की कळून दडवलं होतं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नसतंच.

त्यांनी आठही ब्रेड कचऱ्यात टाकले. एकेक उचलून, न आपटता.

"उद्या सकाळी नऊला ये," त्या माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या. "ओव्हनपाशी उभी राहा. झाला की सांग."

"घड्याळ आणा ना एखादं."

"केळी दरवर्षी वेगळी, ओलावा वेगळा. घड्याळाला काय कळतंय? आणि हे बघ, जाळलास तर जन्मभर तुझ्याशी बोलणार नाही."

"हे वचन समजू का?"

सून हसली आणि लगेच भांडी घासायला लागली.

शुक्रवारी मी स्टूल घेऊन ओव्हनसमोर बसले. पाऊण तास झाला. मग केळ्याचा कच्चा वास गेला, लोण्याचा आला, आणि त्यामागून कडेची साखर करपायच्या बेतात असल्याचा.

"काढा."

"अजून असेल."

"काढा म्हणते ना."

त्या दाराची मूठ धरून थांबल्या. मी खोटं बोलू शकत होते. ते दोघींनाही ठाऊक होतं. एकेचाळीस वर्षांचा हिशेब एका ब्रेडमध्ये चुकता झाला असता. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दार उघडलं.

शनिवारी चारला विहीणबाई आल्या. ब्रेड बोटाने दाबला, हुंगला, तुकडा मोडून मधला गाभा बघितला, मग खाल्ला. आमची पोर त्यांच्या शेजारी श्वास रोखून बसलेली.

"अगदी क्षणावर काढलाय," त्या नाइलाजाने म्हणाल्या. "माझ्या कारागिरांना जमत नाही हे." मग आपल्या सुनेला म्हणाल्या, "बरोबर बोलली होतीस." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीस वर्षांचा अंदाज आहे माझा," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि या कोण?"

"ही धाकटी जाऊ. हिला स्वयंपाकातलं फारसं कळत नाही."

मी उठलेच. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "सुट्ट्या संपेपर्यंत रोज सहा द्याल? दुकानात ठेवीन म्हणते, सूनबाईच्या माहेरचे म्हणून."

"देईन की," जाऊबाई म्हणाल्या.

"मला मात्र," मी दारातून म्हटलं, "सर्दी होणारसं वाटतंय. चांगली महिनाभराची."

जाऊबाई त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. दात आवळलेले होते.

"बस," त्या म्हणाल्या. "दुसरा तुकडा घे."