दारांना आडवे आलेले पाइप

त्या शनिवारी आमच्या गाडीला पाच दारं होती आणि त्यांतलं एक उघडत होतं.

उघडणारं दार मागचं. ज्यातून आपण बॅगा आणि कांद्याची गोणी आत टाकतो, ते. उरलेली चार मी स्वतःच्या हाताने बंद केली होती, कायमची! तीही प्रेमापोटी.

प्रेम आप्पांवरचं, म्हणजे माझ्या वडिलांवरचं. घोटीच्या पलीकडे डोंगरात त्यांची थोरली बहीण राहते. ते तिला अक्का म्हणतात आणि तिच्या लेखी ते अजून ‘दिनू’. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच त्यांना वाढवलं. आता ती माणसं विसरायला लागली होती. आधी शेजारी विसरली, मग नातवंडं, मग सून. नाशिक रोडच्या आमच्या गॅलरीत बसून आप्पा रोज संध्याकाळी एकच विचारायचे, “मला ओळखेल ना रे ती?” मी म्हणायचो, “न ओळखायला काय झालं!” फार वाईट वाटायचं त्या वेळी.

मागच्या खेपेला तिच्या गावाच्या खडकाळ चढावर गाडी दगडावर टेकली, दाराखालचा पत्रा आत गेला आणि अर्ध्या वाटेतून परतावं लागलं. येताना आप्पा मागे वळून डोंगराकडेच बघत होते. तेव्हाच मी ठरवलं, रॉक स्लायडर! गाडीच्या दोन्ही अंगांना, दारांखाली, जाड लोखंडी पाइप चासीला जोडायचे. गाडी टेकली तरी भार पाइपावर, पत्रा शाबूत. विकतही मिळतात, पण घरात वेल्डिंग मशीन असताना (मेहुण्याचं, मागून आणलेलं) विकत आणणारा मूर्ख, असं मी बायकोला ऐकवलं.

“अहो, तुम्ही आजवर फक्त तुळशीची जाळी वेल्ड केलीय,” वैशाली म्हणाली. “तीही निखळली.”

“म्हणूनच हे पक्कं करणार!”

शुक्रवारी रजा टाकली. माझं डिझाइन साधं होतं. पाइप जितका वर, तितका दगडापासून लांब. जितका बॉडीला चिकटून, तितका देखणा. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक आम्ही अजून काढलेलं नाही (फ्रिजचंही नाही!). त्यावर ठिणगी उडू नये म्हणून चारही दारं गच्च लावली, काचांवर ओली पोती टाकली आणि दिवसभर वेल्डिंग केलं. एखादं दार उघडून बघावं, हे डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी पाइपावर उभं राहून उड्या मारल्या. तसूभरही हलला नाही! इतकं पक्कं काम माझ्या हातून जन्मात झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी आत्याच्या मुलाचा, रामदासचा फोन आला. “दादा, आई काल मला म्हनली, तू कोनाचा रं? मामांना आजच आना. उद्याचं काय खरं नाय.”

आप्पा लगेच इस्त्रीचा सदरा घालून, गुळात घोळलेल्या गुडीशेवेची पिशवी घेऊन खाली उतरले. त्यांनी दार ओढलं. दार बोटभर सरकलं आणि पाइपाला अडून थांबलं.

“लॉक आहे का रे?”

मी दुसरं ओढलं. मग पलीकडची दोन्ही. पाइप चारही दारांच्या खालच्या कडेला आडवा आला होता! “पाइप कापतो, लगेच होईल!” म्हणत मी ग्राइंडर लावला, बटण दाबलं. काही नाही. शनिवार! दुरुस्तीसाठी लाइट गेलेली. ती दुपारशिवाय येत नाही.

“आप्पा, दुपारी निघू.”

“दुपारपर्यंत ती मला विसरली तर?”

मी मागच्या दारातून शिरलो आणि सीटांवरून रांगत निघालो. आप्पांना वैशालीने बाहेरून ढकललं, मी आतून ओढलं.

“हळू! गुडघा!”

“कुणाचा?”

“माझाच, गाढवा!”

वैशाली घरीच राहिली. मागचं दार आतून उघडतही नाही आणि लागतही नाही. लावायला बाहेर कुणीतरी लागतंच! घोटीला चहासाठी थांबलो नाही. उतरणार कुठून?

चढावर पाइप दगडांवर करकरले, पण पत्र्याला ओरखडा नाही. एखादा जोड तरी निखळेल, निदान एक दार उघडेल, अशी मला मनातून आशा होती. एकही निखळला नाही.

रामदासने मागचं दार उघडून मामांना पायांकडून बाहेर काढलं. आत्या ओट्यावर बसली होती. आप्पा सदरा नीट करून तिच्यापुढे उभे राहिले. “अक्का, मी आलो गं.”

तिने त्यांना नीट न्याहाळलं. “बसा पाव्हणं. कोन गावचं?”

आप्पा पिशवी तिच्या शेजारी ठेवून तिथेच ओट्यावर बसले. मला रडू आलं, पण धड रडताही येईना, कारण माझा कमरेचा पट्टा सीटच्या खटक्यात अडकला होता आणि मी अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबकळत होतो.

“ह्यो मागून का निघतोय?” आत्याने विचारलं. “दारं नायत का गाडीला?”

“आहेत, आत्या. मीच पाइप जोडून बंद केली. चुकून.”

ती बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून खुदखुदायला लागली. “आमच्या दिनूनं अस्संच केलं व्हतं! गोठ्याला नवं दार बसवलं, वरून फळ्या ठोकल्या, अन् बैल आतच! कुडाची भिंत फोडून काढला बैल!” हसता हसता ती आप्पांकडे वळली. “तुमी वळखता का हो आमच्या दिनूला? लय गुनाचं लेकरू हाय.”

“ओळखतो,” आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते.

परतताना आप्पांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मग म्हणाले, “विसरली नाही रे ती मला.”

मी मान डोलावली. इतकी वर्षं वाटायचं, आप्पांकडून मला काहीच मिळालं नाही. त्या दिवशी कळलं की माझा मूर्खपणा अस्सल वडिलोपार्जित आहे, आणि त्याच्या सातबाऱ्यावर आप्पांच्या खाली माझंच एकट्याचं नाव आहे!