वरचा कोळसा

बल्लारपुरात गुलाबभाऊ दुर्ग्यांचा विश्वास बसावा अशा गोष्टी फार थोड्या होत्या. दूधवाला त्यात नव्हता, हवामान खातं नव्हतं, आणि ‘घरचंच समजा’ म्हणून बोलायला सुरुवात करणारा माणूस तर नव्हताच नव्हता. टरबूज घ्यायचं तर चार गाड्यांवर टिचक्या मारून ते पुन्हा पहिल्या गाडीवर यायचे, आणि तरी घरी कापताना बायकोला, केसरबाईंना, सांगायचे की निघेल फिकंच. लाल निघालं तर रंग टोचला असेल अशी शंका काढायचे. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे रोज कोर्टात उभं राहायचं, पण केसरबाईंनी तो केला होता आणि टरबूजही खाल्लं होतं.

कोणी कोणाची फार तारीफ करू लागलं की गुलाबभाऊ मान हलवत म्हणायचे, हा वरचा कोळसा दाखवून राह्यला. हा शब्द त्यांच्या धंद्यातला. चंद्रपूरच्या रस्त्यावरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत ते कोळशाचे नमुने घेत. भरून आलेल्या ट्रकमध्ये वर चकाकणारा, निवडल्यासारखा कोळसा असतो आणि दगडमाती खाली दडलेली असते. विकणाऱ्याचा माणूस गोड बोलून सांगतो, भाऊ, वरूनच घ्या, कशाला हात काळे करता. गुलाबभाऊ फावडं घेऊन वर चढत आणि कमरेइतकं खाली खणत. मग नमुन्याची भुकटी करायची, भट्टीत जाळायची आणि मागे उरलेली राख तोलायची. राख जितकी जास्त तितका माल हलका. नमुन्याचे वाटे होत, एक विकणाऱ्याला, एक घेणाऱ्याला, आणि उरलेला सील करून कपाटात. त्या कपाटातल्या थैलीला सगळे रेफ्री म्हणत. दोघांचे आकडे एकमेकांशी भांडले की रेफ्री फोडायचा.

राखेवर मात्र त्यांचा विश्वास होता. राखेला जात नसते, ओळख नसते, वशिला नसतो, असं ते म्हणत आणि म्हणताना त्यांचा आवाज बदलत असे. त्याला कारण होतं. त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाऊल ठेवू देत नसत, आणि का म्हणून विचारलं की एकच उत्तर मिळे, शास्त्रात आहे. कुठल्या शास्त्रात, कुठल्या पानावर, हे कधी कोणी दाखवलं नाही. छप्पन साली आजोबा चंद्रपुरात जाऊन दीक्षा घेऊन आले आणि घरात सांगून ठेवलं की यापुढे कोणी ‘शास्त्र’ म्हणालं की आपण आधी ‘दाखव’ म्हणायचं. पुढे शाळेत गुलाबभाऊंना रसायनशास्त्र भेटलं, भौतिकशास्त्र भेटलं, आणि या शास्त्रांनी खरोखर दाखवलं. चंबूतलं पाणी सांगितल्याप्रमाणे गुलाबी झालं. पोराचा जीवच जडला. बारावीनंतर घरच्या ओढाताणीत शिक्षण सुटलं, ते त्यांना कायम सलत राहिलं. म्हणून एकुलती एक मुलगी संघप्रिया सायन्सला गेली तेव्हा त्यांना आपणच पुन्हा बाकावर बसल्यासारखं वाटलं.

बारावीचा निकाल लागला, गुण चांगले पडले, आणि संघप्रिया जेवताना म्हणाली की मी पुढे अर्थशास्त्र घेणार. गुलाबभाऊंनी त्यातलं ‘शास्त्र’ तेवढं ऐकलं. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, तसंच हेही, असा त्यांचा समज झाला आणि त्या समजात त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले. भट्टीवरचा त्यांचा जोडीदार लटारू पेढा गालात ठेवून म्हणाला, म्हणजे पोरगी आर्ट साईडला चालली म्हणा की. गुलाबभाऊंना वाटलं, हा जळतो.

पण संशय एकदा शिरला की त्यांना स्वस्थ बसवत नसे. सुट्टी टाकून ते चंद्रपूरच्या कॉलेजात गेले. सायन्सच्या इमारतीत ओळखीचा वास होता, काचेची भांडी होती, वजनाचे काटे होते. अर्थशास्त्राची पाटी तिथे नव्हतीच. ती निघाली पलीकडच्या इमारतीत, मराठी आणि इतिहासाच्या मधल्या दारावर. गुलाबभाऊंनी आत डोकावलं. बाकं, फळा, पंखा. पाटी शास्त्राची आणि आत साधा तराजूसुद्धा नाही. आपल्या पोरीला कोणीतरी वरचा कोळसा दाखवला आहे, याबद्दल त्यांची खात्री पटली.

घरी येऊन त्यांनी तिला विचारलं, की शास्त्र आहे तर आर्ट साईडला काय करतं? संघप्रिया गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिनं हुकमाचं पान टाकलं. बाबासाहेब परदेशात जाऊन काय शिकले, हे तिनं भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत विचारलं. केसरबाई स्वयंपाकघरातून मुद्दाम बाहेर येऊन उभ्या राहिल्या. गुलाबभाऊ अडले, पण हरले नाहीत. बाबासाहेबांनी तपासून घेतलं असेल, म्हणाले, पण तुझे मास्तर काय तपासतात ते मला दिसलं पाहिजे. मग ठरलं ते असं. रविवारी कॉलेजात दोन नामांकित प्राध्यापकांचा परिसंवाद होता. बापलेकींनी जायचं. गुलाबभाऊंची खात्री पटली तर अर्थशास्त्र, नाही पटली तर सोमवारी रसायनशास्त्राला प्रवेश. सोमवार प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. संघप्रियेनं हे कबूल केलं खरं, पण रात्री ती जेवली नाही.

परिसंवादाचा विषय होता, कंत्राटी कामगारांची मजुरी वाढवली तर त्यांचं भलं होतं की कामं जातात. पहिले प्राध्यापक जाकिटातले. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या पाहणीतले आकडे पडद्यावर दाखवले आणि सांगितलं की मजुरी वाढली तशी कंत्राटदारांनी माणसं कमी करून यंत्रं आणली. बाजाराला त्याच्या चालीनं चालू द्या. दुसऱ्या बाई होत्या, खादीच्या साडीतल्या. त्यांनीही पडद्यावर आकडे दाखवले, आणि गुलाबभाऊ खुर्चीत सरळ झाले, कारण पाहणी तीच होती. बाई म्हणाल्या, मजुराच्या हातात पैसा आला, त्यानं दुकानं चालली, दुकानांनी माणसं ठेवली. गेलेली कामं मजुरीमुळे गेलीच नाहीत, मागणी आटली म्हणून गेली. सरकारनं हात आखडला म्हणून आटली. जाकीटवाल्यांनी बाईंच्या बाजूच्या कोण्या मेलेल्या विद्वानाचं नाव घेऊन टोमणा मारला, बाईंनी त्यांच्या बाजूच्या मेलेल्या विद्वानाचं नाव घेऊन परत केला. तास-दीड तास दोन मयतांची भांडणं जिवंत माणसं भांडत होती.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा गुलाबभाऊ उभे राहिले. माइक हातात येताच ते म्हणाले, "कोळसा एकच असन तं राख एकच निंगते. तुमचा कोळसा एकच हाय, अन् राख दोन. मंग हे शास्त्र कसं म्हनाचं?"

सभागृहात टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्या मारल्या. जाकीटवाले हसले, बाईही हसल्या, आणि प्रश्न चांगला आहे, आम्ही दोघं गेली वीस वर्षं यावरच भांडतो आहोत असं म्हणाल्या. पकडलं गेल्यावर जो हसतो त्याच्यावर गुलाबभाऊंचा दुप्पट संशय. पुढे तर कहर झाला. बाहेर चहाच्या टेबलावर ते दोघं एकाच बशीतली भजी खात एकमेकांच्या मुलांची विचारपूस करत होते. गुलाबभाऊंनी लेकीला कोपरानं ढोसलं. मिळालेले आहेत हे, त्यांनी कानात सांगितलं, वर भांडतात आणि खाली एक.

परतताना ते खुशीत होते. स्कूटरवर मागे बसलेली संघप्रिया बोलत नव्हती. त्यांना वाटलं, पोरीला पटलं. बल्लारपूरच्या अलीकडे रेल्वेचं फाटक पडलं होतं आणि कोळशाची मालगाडी संथपणे चालली होती, एकामागून एक काळे डबे. स्कूटर बंद केली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, याच्यात राख किती असन?"

नमुना घेतल्याशिवाय कसं सांगू, ते म्हणाले. मग तिनं विचारलं, की तुम्ही नमुना घेता, जाळता, तरी खाणवाल्यांचा आकडा आणि घेणाऱ्यांचा आकडा सारखा येतो का? गुलाबभाऊ डबे मोजू लागले. याच गोष्टीवरून ते वर्षानुवर्षं जेवताना चिडचिड करत आले होते आणि ती वर्षानुवर्षं समोर बसून ऐकत आली होती.

"मंग रेफ्री काऊन ठेवता?" ती म्हणाली. "कोळसा तं बोलत पन नाई, बाबा. तरी तुमचं जमत नाई. हे तं मानसं हायत. पाहनीवाला दारात आला तं आई त्याले घरात फ्रीज नाई म्हनून सांगते. अन् गेलेलं वर्ष कपाटात सील करून ठेवता येत नाई, का भांडन झालं तं फोडलं."

मंग ते शास्त्र नाईच, गुलाबभाऊ म्हणाले, पण आता त्यांच्या आवाजात टाळ्या नव्हत्या.

"नाई असन," संघप्रिया म्हणाली. "मले बी पक्कं मालूम नाई. पन वरून नमुना घेनारे लय हायत तिथी. खाली खनाले कोनी जात नाई."

मालगाडी संपली, फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तरी गुलाबभाऊ किक मारेनात. त्यांना राग आला होता, आणि कोणावर ते सापडत नव्हतं. पोरीनं त्यांचंच फावडं उचलून त्यांच्याच पायाखाली खणलं होतं. रात्रभर त्यांनी तिच्या बोलण्यात दगड शोधला. भाजणीत खडा शोधावा तसा चाळून चाळून शोधला. सापडला नाही, आणि न सापडल्याबद्दलही त्यांना संशय आला. सोमवारी सकाळी मात्र ते तिला घेऊन निघाले आणि कॉलेजच्या फाटकातून आत शिरल्यावर सायन्सच्या इमारतीकडे न वळता सरळ पलीकडे गेले. पोरीचा हात त्यांनी दारापर्यंत धरून ठेवला होता. तिचे डोळे भरले होते. ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

लटारूनं विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की पोरगी आर्ट साईडला गेली, आणि पेढे पुन्हा मिळणार नाहीत.

दिवाळीच्या आधी संघप्रियेला कॉलेजातून पहिलं काम मिळालं, वॉर्डातल्या घरांची पाहणी. सुरुवात तिनं आपल्याच घरापासून केली. बापाला खुर्चीत बसवलं, मोबाईलवर प्रश्न उघडले आणि परक्या बाईसारखं विचारू लागली. घर पक्कं की कच्चं, पाणी कुठून येतं, वगैरे. फ्रीज आहे, हे केसरबाईंनी आतून ओरडून सांगितलं. गुलाबभाऊ पाय हलवत रुबाबात उत्तरं देत होते.

मग तिनं विचारलं, "घरातले मोठे निर्नय कोन घेते?"

"सगळे मिळून," गुलाबभाऊ म्हणाले.

आत भांड्यांचा आवाज थांबला. संघप्रियेनं मोबाईल मांडीवर उलटा ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "वरचा कोळसा नोका देऊ."

गुलाबभाऊ पाय हलवायचे थांबले. शेजारचा पोचू ओट्यावर बसलेला होता आणि त्याचे कान इकडेच होते. गुलाबभाऊंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या केसरबाईंकडे पाहिलं. मग ते उठले, रस्त्याकडचं दार लोटलं, आणि परत येऊन बसल्यावर खरं काय ते सांगितलं.