सुग्राबीचं जी

सुग्राबी बाभुळगावची लेक, दारव्ह्याची सून. बाभुळगावात 'जी' म्हंजे मिठासारखं, कोणत्याबी बोलण्यात चिमूटभर टाकाच लागते. "कुठं चालल्या जी?" "भाजी आणाले जी." हिंदूबी म्हणतात, मुसलमानबी म्हणतात. घरात उर्दू. तिथं थोरल्या माणसानं हाक मारली की 'काय' म्हणायचं नाही, 'जी' म्हणायचं, नाहीतर कानाखाली बसायची. तिच्या नानीचा जी मात्र छातीत राहायचा, आभाळ गडगडलं की घाबरायचा. आता तिच्या लेकाच्या, आसिमच्या मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाइकं फोर-जी, फाइव्ह-जी करतात. ते सुग्राबीनं समजून घेतलं नाही. तिले एकच जी पुरलं. नवऱ्याचं.

नवरा रहेमान, मोटारपंपाचा मिस्त्री. त्याले तिनं कधी नावानं हाक मारली नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटते, असं सासूनं पहिल्याच आठवड्यात सांगतलं होतं. मंग काय, 'अजी, जेवता का', 'अजी, सुनो'. लोकांसाठी तो मिस्त्री, पोरांसाठी अब्बा.

त्याले लकवा मारला. यवतमाळच्या दवाखान्यात खाटेवर पडून होता; डोळे उघडे, नजर कोणावरच नाही. सुग्राबीले रडू येत नव्हतं. भूकबी नव्हती. चहा दिला तं पेत होती, नाही दिला तं मागत नव्हती.

डॉक्टरीण आली. "मावशी, त्यांना नावानं हाक मारा. बघू, ओळखतात का."

सुग्राबी वाकली. "अजी."

काही नाही.

"अजी, सुनो ना."

"नावानं हो, मावशी."

"बोलो ना अम्मी," आसिम म्हणाला. सुग्राबी चादरीची घडी नीट करत राह्यली.

शेजारच्या खाटेवर बाबूसिंग होता. त्याची बायको रुक्माबाई, तांड्यावरची, मघापासून पाहून राह्यली होती. "काहून लाजून राह्यली वं? मीबी याले 'संजयेर बाप' म्हणतो. पण ऑपरेशनच्या टायमाले सांगतलं नाव. मेला का? पाह्य ना, कसा घोरून राह्यला."

"तुमच्यात चालते?"

"कायचं चालते! पण त्याले आयकू कुठं गेलं?"

इथं तर आयकू गेलं पाहिजे होतं.

सुग्राबीनं आसिमले बाहेर धाडलं. पदर डोक्यावरून पुढं ओढला. "रहेमान." आपलाच आवाज तिले भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला. पुन्हा, मोठ्यानं, "ए रहेमान!"

नजर हलली. हळूहळू वळत तिच्या तोंडावर येऊन थांबली. ओठ एका बाजूनं उचलले.

"जी, अम्मी."

"बोलले!" डॉक्टरीण खूश झाली. "ओळखलं बघा तुम्हाला."

दारव्ह्याच्या घरात रहेमानले नुस्त्या नावानं हाक मारणारी बाई एकच होती, त्याची माय. तिले कबरस्तानात जाऊन किती पावसाळे झाले. रुक्माबाईनं तोंड फिरवून नवऱ्याचं पांघरूण सारखं केलं.

"बोलत राहा त्यांच्याशी," डॉक्टरीण म्हणाली, "याच आवाजात."

सुग्राबीनं चमच्यात पाणी घेतलं.

"मुँह खोल, रहेमान," ती म्हणाली. "मुँह खोल, बेटा."

त्यानं उघडलं.