दाजींनी न बुजवलेलं भगदाड

भिंतीतल्या भोकाचा आमच्या दाजींइतका हाडवैरी या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. उंदराचं बीळ असो, वायरीसाठी पाडलेलं छिद्र असो की खुंटी उपटल्यावर उरलेली जागा असो, दाजींच्या नजरेला ती पडली की संपलं. मग समोर पुरणपोळी असली तरी ताट बाजूला सारून ते उठायचे, भोकात बोट घालून बघायचे आणि घरमालकाला विचारायचे, "हे कवापासून उघडं हाय?" विचारण्याचा सूर असा की माणसाला आपल्याच घरात चोरी करताना सापडल्यासारखं व्हावं. मालक काहीतरी पुटपुटायचा. तोवर दाजींनी पिशवीतून थापी काढलेली असायची. दाजी पाहुणे म्हणून गेले आणि त्या घराची एक तरी भिंत लिंपून आले नाहीत, असं मला तरी आठवत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव ठाणाकुशनूर, औराद तालुक्यातलं. आजापर्यंत घरात मेंढरांचा धंदा होता, बापानं नांगर धरला आणि दाजींनी थापी. मी बीदरच्या एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे दाजी मला नावानं कधीच हाक मारत नसत, 'मास्तर' म्हणत. त्यात थोडा मान होता आणि बरीचशी थट्टा होती. हैदराबादेत काचेच्या उंच इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा औरादकडचे कितीतरी गवंडी तिकडं गेले, त्यांत दाजीही गेले, आणि दोन वर्षांनी सुट्टीला गावी आले ते एक नवीनच विद्या घेऊन.

ती विद्या त्यांनी मला माझ्याच ओसरीवर बसून समजावून सांगितली. "बग मास्तर, धा मजल्याची इमारत हाय. खालून वरपतुर पाइप जायलेत, वायरी जायलेत. पाइपाच्या भवतीनं फट ऱ्हाती का न्हाई? खाली आग लागली की आग जिन्यानं येत न्हाई, त्या फटीनं येती. अन् तिच्या आधी धूर येतो. म्हणून ती फट भरायची. आग विझवणारे येगळे. आपलं काम आगीला तिच्या खोलीत कोंडून ठिवायचं." फट भरायची ती दगड वितळवून केलेल्या लोकरीनं, आणि वरून असा लेप द्यायचा की जो आग लागल्यावर फुगतो आणि उरलीसुरली वाट बंद करतो. दगडाची लोकर हे प्रकरण दाजींना फार आवडलं होतं. "आजा आसता तर घोंगडंच मागितला आसता तिचं," म्हणून ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे. पण त्यांच्या हाताला लोकर कळायची हे मात्र खरं. किती दाबली म्हणजे घट्ट बसते आणि किती दाबली म्हणजे मरते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

या विद्येचा त्रास सगळ्या गणगोतानं भोगला. माझ्या लग्नासाठी मुलगी बघायला आम्ही उदगीरला गेलो होतो. कांदेपोहे आले, मुलगी आली, आणि दाजी खिशातून उदबत्ती काढून, ती पेटवून, त्या घरातल्या भिंतीभिंतीपाशी फिरायला लागले. धूर कुठं ओढला जातो ते बघायची ही त्यांची पद्धत. मुलीचे वडील हात जोडून मागेमागे. देवघराशी धूर जरा वाकला तशी मुलीची आई पदर घेऊन नमस्काराला खाली वाकली. लग्न जमलं. "तुमचे दाजी फार भाविक आहेत हो," असं माझे सासरे पुढं कित्येक वर्षं सांगत होते, आणि खरं काय ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. दुसरं वेड दारांचं. दार आपोआप मिटलं पाहिजे हा दाजींचा हट्ट. त्यापायी त्यांनी घरातल्या प्रत्येक दाराला दोरी, कप्पी आणि एकेक धोंडा बांधला होता. अक्का दोन्ही हातांत ताटं घेऊन स्वयंपाकघरातून निघायची, मागून दार सुटायचं आणि तिच्या कमरेत बसायचं. "ह्या दारानं एक दिवस माझा जीव जातोय," अक्का करवादायची. "आगीनं जायचा न्हाई बग," दाजी शांतपणे म्हणायचे. एकदा त्यांनी माळ्याचं भोक बुजवलं ते मांजर आत असताना. ते मांजर रडून रडून गळाठलं तेव्हा भिंत फोडावी लागली. दाजींनी मांजराला बाहेर काढलं, दूध पाजलं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा लिंपायला बसले.

हे सगळं मी मजेनं सांगतोय खरं, पण याच्या मुळाशी मजा नव्हती. ते मला अक्कानं सांगितलं, दाजींनी कधीच नाही. दाजी विशीत असताना त्यांच्या घराच्या आणि शेजारच्या गोठ्याच्या सामाईक भिंतीत मुठीएवढं भोक पडलं होतं. बाप म्हणाला, बुजव. दाजी म्हणाले, उद्या बुजवतो. त्याच रात्री शेजारचा गोठा पेटला. आग भिंतीच्या अलीकडं आली नाही, पण धूर त्या भोकातून आला आणि अलीकडं बांधलेली चार कोकरं गुदमरून मेली. अंगावरचा एक केस जळलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी दाजींनी ते भोक बुजवलं, आणि तेव्हापासून 'उद्या' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

पुढं हैदराबादेत नियम आला. प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास होईल त्याला कार्ड, आणि कार्ड नसेल त्यानं फटीला हात लावायचा नाही. भरलेल्या प्रत्येक फटीशेजारी चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर भरणाऱ्याच्या कार्डाचा नंबर घालायचा. आम्ही म्हटलं, झालं, दाजी आता संतापणार. पण दाजी हरखून गेले. "मास्तर, इतक्या भिंती बांधलो, एकीवर तरी माझं नाव हाय का? आता फटीफटीवर माझा नंबर ऱ्हाईल. आग लागली तर लोक इचारतील, ही कोण भरलाय?" त्या कार्डावर त्यांचा जीव जडला. ते मिळालं नाही तर लोकरीचे गठ्ठे डोक्यावरून वाहायचे आणि कार्डवाली पोरं ती कशीही कोंबताना बघत उभं राहायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला होतं.

तीन दिवसांच्या प्रशिक्षणात दाजी हातकामाला पहिले आले. सगळ्यांनी भरलेले नमुने भट्टीत घातले, त्यात दाजींचा शेवटपर्यंत टिकला. तोंडी परीक्षेत मात्र ते नापास झाले. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा नापास, आणि त्याच एका प्रश्नावर. प्रश्न असा: नकाशात दोन बोटांची फट दाखवली आहे, प्रत्यक्षात ती चार बोटांची निघाली, तर काय कराल? उत्तर होतं: काम थांबवा, भरू नका, साहेबाला कळवा. कारण ती लोकर आणि तो लेप दोन बोटांच्या फटीसाठी भट्टीत पारखलेले असतात. चार बोटांत ते टिकतील का, हे कुणालाच माहीत नसतं. दाजींचं उत्तर एकच, "भरतो."

तिसऱ्या खेपेआधी मी त्यांना ओसरीवर बसवून घोटून घ्यायला लागलो. इतकी वर्षं बोर्डाच्या परीक्षेला पोरं बसवलेली, एक दाजी बसवणं मला काय जड?

"दाजी, फट मोठी निघाली. काय कराल?"

"भरतो."

"दाजी!"

"बरं बरं. थांबतो."

"शाबास. मग?"

"साहेबाला कळवतो."

"मग?"

"साहेब गेला की भरतो."

मी वही आपटली. दाजी ओशाळून म्हणाले, "कामून चिडायलास? उघडी फट ठिवून मला घास उतरत न्हाई. जे करणार न्हाई ते करतो म्हणून कसं सांगू?"

परीक्षा घ्यायला येणारे साहेब चेन्नईचे, इंग्रजीशिवाय दुसरं बोलत नसत. दुभाषी आणायची परवानगी होती. आधीचे दोन दुभाषी कंपनीतले होते. या वेळी मीच गेलो. साहेबांनी प्रश्न विचारायचे, मी मराठीत सांगायचे, दाजींनी उत्तर द्यायचं, मी ते इंग्रजीत सांगायचं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो प्रश्न आला. दाजींनी माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, मी भरतो. तुमच्या परवानगीबिगर भरतो. उघडी ठिवून जायचं माझ्याच्यानं होत न्हाई."

मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, मी काम थांबवीन आणि तुम्हाला कळवीन."

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी उठून दाजींचा हात हातात घेतला. संध्याकाळी कार्ड मिळालं. दाजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि बसमध्ये बसल्यावरही खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून बघत राहिले. जहिराबादला बस चहाला थांबली तेव्हा म्हणाले, "मास्तर, साहेब चांगला माणूस रे. मी खरं सांगितलो ते त्याला पटलं."

मला गप्प बसता आलं असतं. पण हुशारी केली की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मास्तराला चैन पडत नाही. मी फुशारकीनं सगळं सांगितलं. दाजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे कार्डावर फोटू माझा हाय, उत्तर तुझं हाय." बीदर येईपर्यंत त्यांनी ते कार्ड पुन्हा खिशातून काढलं नाही.

ते परत करायलाही गेले नाहीत. गेले असते तर माझं नाव निघालं असतं, मास्तरकीला बट्टा लागला असता, एवढं त्यांनी मनाशी धरलं. कार्ड ट्रंकेत गेलं आणि दाजींनी हैदराबाद सोडलं. त्या फटी, ती दगडाची लोकर, सगळं सुटलं. गावोगाव कंपाउंडच्या भिंती आणि गोबरगॅसच्या टाक्या बांधत फिरले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट मीच त्यांच्यावर डाफरायचो. "एवढं कशाला मनाला लावून घेता? सगळं जग असंच चालतं." दाजी "व्हय, व्हय" म्हणायचे आणि घोंगडीवरचा धागा उपटत बसायचे. त्यांच्या हातातलं सोन्यासारखं काम मी माझ्या आगाऊपणानं हिरावून घेतलं, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली. त्यांच्यासमोर तर मी ते कधीच कबूल केलं नाही.

चार-पाच वर्षांनी माझ्या घरी इन्व्हर्टर बसवला. वायरमननं एका वायरीसाठी स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामधल्या भिंतीला एवढं भगदाड पाडलं की त्यातून घागर गेली असती. पंचमीला अक्का आणि दाजी आले. माझी बायको हसत म्हणाली, "चहा नंतर ठेवते, आधी दाजींना पाणी अन् सिमेंट देते." दाजी भगदाडापाशी गेले. हात घालून बघितलं, बोटांनी मापलं, उदबत्ती धरली. आणि काही न करता हात धुऊन पाटावर येऊन बसले. आम्ही सगळे बघतच राहिलो.

"भरणार न्हाई," दाजी म्हणाले. "हे माझ्या मापातलं न्हाई. वरून लिंपलो तर भरल्यासारखं दिसंल, आगीत ते खाली पडंल. उघडं दिसलं तर माणूस जपून तरी ऱ्हाईल." मग हळूच म्हणाले, "गावातली ती भिंत पाडलो औंदा. कोकरं मेली ती. मीच बुजवलेलं भोक. वरचा गिलावा काढला तर आत पोकळ. नुसतं ओढलं अन् हातात आलं. तीस वर्सं मी त्याच्या भरवशावर निवांत झोपायलो, मास्तर."

चहा घेताना त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, उठले, आणि भगदाडाशेजारी भिंतीवर चौथी शिकलेल्या अक्षरात काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडं वळले. "आता साहेबाचं उत्तर माझं झालंय. पुन्ना बसतो परीक्षेला. फारम भर माझा. ह्या खेपेला तू यायचं न्हाई, दुसरा दुभाषी बग." त्यांचा चेहरा कार्ड हातात घेतलं त्या दिवशीसारखाच दिसत होता.

मी म्हणालो, "भरू की. पेपर तपासायचे पडलेत, सुट्टीत बघू."

जायच्या वेळी त्यांनी पुन्हा आठवण केली. मी पुन्हा सुट्टीत म्हणालो. सुट्टी लागायच्या आठ दिवस आधी ठाणाकुशनूरहून फोन आला. दाजी कुणाच्या तरी अंगणात भिंत बांधत होते, छातीत कळ आली, औरादच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

ते भगदाड अजून तसंच आहे. बायकोनं दोनदा गवंडी बोलावला, दोनदा मी त्याला परत पाठवला. दाजींचा फोटो त्याच भिंतीला लावलाय. अक्का आता वर्षातून एकदा येते, फोटोपुढं उदबत्ती लावते आणि गुडघ्यावर हात ठेवून बसते. तिला वाचता येत नाही. परवा आली तेव्हा तिनं त्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काय लिवलेत रं ह्यांनी?"

मी वाचून दाखवलं, "थांबलो. मास्तरला कळवलं."

"बरं," अक्का म्हणाली. "मग मास्तरनं काय केला?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांना उत्तरं पढवली. अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी उदबत्तीकडं. धूर थोडा वेळ सरळ वर गेला, मग वाकला आणि हळूहळू त्या भगदाडाकडं जायला लागला.