कीबोर्डवरच्या अक्षता

दसऱ्याची सुट्टी संपवून चाकणच्या कंपनीत आलो, तर माझ्या कॉम्प्युटरचं सेटिंग उघडेना. मेनू उघडला की लगेच मिटायचा. प्रिंटर जोडल्याशिवाय मालाचं चलन निघणार नव्हतं, आणि गेटवरचा ट्रक ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी खिडकीतून डोकावत होता. मी तीनदा कॉम्प्युटर बंद-चालू केला, आयटीवाल्याला फोनवर वाट्टेल ते बोललो. तो बिचारा दिघीहून गाडी मारत आला आणि त्याने कीबोर्ड उलटा करून आपटला. एस्केपच्या बटणाच्या फटीतून कुंकू लागलेला तांदळाचा दाणा पडला. त्या दाण्यामुळे बटण दाबलेलंच राहत होतं आणि मेनू मिटत होता.

"पूजा कुणी केली, भाऊ?"

खंडेनवमीला सगळ्यांना मागे सारून मूठभर अक्षता मीच टाकल्या होत्या.

"काय सांगू," मी म्हणालो, "इथे कुणाला अक्कलच नाही."